खारा वारा आणि धांवणारा माणूस

खालापूर तालुक्यांतील साजगांव हें कांहीं समुद्रकांठचें गांव नव्हे. खोपोलीच्या शेजारीं, सह्याद्रीच्या पायथ्याशीं तें वसलेलें आहे. आणि तेथील मनुष्यास समुद्र पाहावयाचा झाला तर पेणवरून पुढें जाऊन, धरमतरची खाडी ओलांडून, थेट अलिबाग गांठावें लागतें. तथापि दर वर्षीं कार्तिक महिन्यांत समुद्रच साजगांवास येतो. ताकईच्या विठोबाची यात्रा भरते, आणि त्या यात्रेंत सुक्या मासळीच्या राशींवर राशी लागतात. बोंबील, सुकट, सोडे, ज्यास जें हवें तें तेथें मिळतें, आणि दूरदूरचीं माणसें घरच्या बेगमीचा माल तेथून बांधून नेतात. या बाजारावरून लोकांनीं देवाचें नांवच ‘बोंबल्या विठोबा’ असें पाडलें आहे. पंढरीच्या माळकऱ्यास मासळी वर्ज्य, आणि येथें त्याच विठोबाच्या दारांत बोंबलांचा बाजार! देवानें याबद्दल नाराजी दाखविल्याचें मात्र कोणाच्या ऐकिवांत नाहीं.

हा बोंबील वाळतो कसा, हें पाहण्यासारखें आहे. ताजा बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. कोळी लोक दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते काठ्यांच्या मांडवावर टांगतात, आणि पावसाळा सरून वारा कोरडा वाहूं लागला म्हणजे थोडक्याच दिवसांत ते कडकडीत होतात. ऊन तितकेंच असलें, पण हवा दमट असली, तर तोच बोंबील वाळत नाहीं, कुजतो. वाळण्याची क्रिया उन्हावर जितकी अवलंबून असते, तितकीच हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. ही गोष्ट प्रत्येक कोळणीला ठाऊक आहे. समुद्रकांठच्या रस्त्यावरून धांवण्याच्या शर्यतींत उतरणाऱ्या शहरी गृहस्थास मात्र ती बहुधा ठाऊक नसते. आणि जें गांव ती शर्यत भरवितें, त्या गांवालाही, जो नियम आपल्या मासळीस लागू तोच आपल्या पाहुण्यासही लागू, हें सहसा सुचत नाहीं.

अशा शर्यतींना अलीकडे आपल्याकडे चांगलाच बहर आला आहे. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ सालीं सुरू झाली, आणि तिच्या मागोमाग लहान लहान गांवांनाही आपल्या रस्त्यावर एक दौड असावी असें वाटूं लागलें. गोव्यांत मुरगांव तालुक्यांतील चिखली या गांवीं २०१० पासून झुआरी नदीच्या परिसरांत शर्यत होऊं लागली. रत्नागिरीस २०२४ च्या जानेवारींत समुद्रकांठच्या मॅरेथॉनचा आरंभ झाला. या शर्यतींचें आकर्षण उघड आहे. एका बाजूस माड-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूस उजळत जाणारें पाणी, वळण घेतलें कीं खाडी, चढ चढला कीं पुन्हा समुद्र. शहरांत सकाळीं मोटारींचा धूर गिळीत धांवणाऱ्या मनुष्याला असा रस्ता मिळाला तर तो पदरचे पैसे खर्चून, रात्रीचा प्रवास करून तेथें येईल, यांत नवल नाहीं. पण देखावा पाहुण्यास बोलावून आणतो. त्यास सुखरूप परत धाडणें हें देखाव्याचें काम नाहीं. तें यजमानाचें काम आहे, आणि त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

लांब पल्ला धांवणें ही चीज आपल्या लोकांना कोणी नव्यानें शिकविलेली नव्हे. साजगांवच्या शेजारीं खोपोलीस टाटांचें जलविद्युत्‌केंद्र आहे. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं सोडून १९१५ सालीं तेथें वीज निर्माण होऊं लागली, आणि ती मुंबईच्या गिरण्यांस पुरविली गेली. केंद्रांतून सुटलेलें पाणी पाताळगंगेच्या वाटेनें अखेर धरमतरच्या खाडीस मिळतें. म्हणजे साजगांवाकडून समुद्राकडेही कांहीं ना कांहीं जातच असतें. या उद्योगाची धुरा ज्यांच्या खांद्यावर होती ते सर दोराबजी टाटा चार वर्षांनंतर, १९१९ सालीं, पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहत होते. धांवणारे बहुतेक शेतकरी वर्गांतले, पायांत कांहीं नाहीं, शर्यतीच्या नियमांची माहिती बेताचीच. पण घड्याळांत पाहावें तों त्यांच्या वेळा युरोपांतील धांवपटूंच्या वेळांशीं ताडून पाहण्याजोग्या. त्या दृश्यांतून पुढील वर्षींच्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचें पथक धाडण्याची कल्पना निघाली, आणि खर्चाचा वांटा दोराबजींनीं स्वतः उचलला.

बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले त्या पथकांत होते. मॅरेथॉनचें अंतर त्या वेळीं निश्चित झालेलें नव्हतें; अँटवर्पचा रस्ता भरला ४२ किलोमीटर ७५० मीटर. आज सर्वत्र मान्य असलेलें ४२ किलोमीटर १९५ मीटर हें अंतर १९२१ सालीं कायम झालें. तेव्हां चौगुले हे आजच्या धांवपटूंपेक्षां अर्धा किलोमीटर अधिकच धांवले, आणि २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर उतरलेले सदाशिव दातार यांस ती शर्यत पुरी करतां आली नाहीं. बेळगांवाहून सातासमुद्रांपलीकडे जाऊन, अठरा जण सोडून बाकी सर्वांस मागें टाकणारा हा मनुष्य आज किती मराठी घरांतील मुलांस ठाऊक आहे, हा प्रश्न विचारून कोणाची पंचाईत करण्याचें कारण नाहीं. येथें सांगावयाचें तें इतकेंच, कीं त्या दिवशीं अँटवर्पची हवा थंड व पावसाळी होती. परदेशच्या गारठ्याची आपणांस दया येते. पण लांब धांवणाऱ्याच्या देहाला गारठा मित्र असतो. त्याचा शत्रू निराळा.

तो शत्रू ओळखण्यासाठीं थोडें गणित करणें भाग आहे. शाळा सुटून पुष्कळ वर्षें झालेल्या श्रोत्यांनीं भय बाळगूं नये. हिशेब तोंडी होण्यासारखा आहे. साठ किलो वजनाचा मनुष्य एक किलोमीटर धांवला म्हणजे त्याचे स्नायू सुमारें साठ किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतात. यांतील जेमतेम पांचवा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामीं येतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन अंगांतच राहते. म्हणजे किलोमीटरमागें सुमारें अठ्ठेचाळीस किलोकॅलरी उष्णता झाली. आतां साठ किलोच्या देहाचें उष्णतामान एक अंश सेल्सियसनें चढविण्यास पन्नास किलोकॅलरी पुरतात. दोन्ही आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. ही उष्णता बाहेर टाकण्याची सोय निसर्गानें केली नसती, तर दर किलोमीटरास एक अंश या मानानें ताप चढत गेला असता, आणि चारपांच किलोमीटरांत धांवणारा रस्त्यावर आडवा झाला असता.

निसर्गानें केलेली सोय म्हणजे घाम. एक ग्रॅम घाम वाळतांना अंगांतील सुमारें ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. येथें ‘वाळतांना’ या शब्दाकडे लक्ष द्यावें. जो घाम वाळला नाहीं, कपाळावरून ओघळून रस्त्यावर पडला, त्यानें उष्णता नेली नाहीं. अंगांतलें पाणी आणि मीठ मात्र नेलें. कोंकणांतील मनुष्य घामानें निथळतो तेव्हां पाहणारा म्हणतो, चांगला घाम आला, अंग मोकळें झालें. वस्तुतः तें निथळणें हीच धोक्याची खूण असते. हवा बाष्पानें अगोदरच भरलेली आहे, घामाला उडून जावयास जागा नाहीं, आणि कातडी त्या हवेंत ओल्या बोंबलाप्रमाणें तशीच ओली राहते, हाच तिचा अर्थ.

समुद्रकांठीं आणखी एक फसवणूक होते. कांठावर उभें राहणाऱ्यास वारा लागतो, आणि येथें उकाडा कसला, असें वाटतें. पण वारा ज्या दिशेनें वाहत आहे त्याच दिशेनें, जवळजवळ त्याच्याच वेगानें मनुष्य धांवूं लागला, तर त्याच्या अंगाभोंवतीं वारा उरतच नाहीं. बंद खोलींत धांवल्यासारखीच त्याची स्थिति होते. शिवाय कोंकणांत समुद्रावरचा वारा खरा सुटतो तो दिवस वर आल्यावर. पहांटे हवा स्तब्ध असते आणि बाष्पाचें प्रमाण दिवसांतील सर्वांत अधिक असतें. ऊन नाहीं म्हणून पहांट बरी, हें खरें. परंतु पहांट म्हणजे निर्धोक, असें समजूं नये.

या सर्वांचा अनुभव एका गांवानें फार मोलानें घेतला आहे. तें गांव आपल्याकडील नव्हे. पण त्याची कथा कोंकणांतील प्रत्येक किनाऱ्याला लागू पडते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत समुद्रांत शिरलेल्या भूशिरावर फालमथ म्हणून गांव आहे, आणि त्याच्याच हद्दींत वुड्स होल ही समुद्रसंशोधनासाठीं प्रसिद्ध असलेली लहानशी वस्ती आहे. फालमथच्या एका मद्यालयांत पेले भरून देण्याचें काम करणारा टॉमी लेनर्ड हा गृहस्थ धांवण्याचा मोठा शौकीन होता. १९७२ सालीं म्यूनिक येथील ऑलिंपिक मॅरेथॉन फ्रँक शॉर्टरनें जिंकली, ती टेलिव्हिजनवर पाहतांना त्यानें गिऱ्हाइकांना पेला देणेंच बंद ठेवलें होतें, असें सांगतात. आपल्या गांवच्या किनाऱ्यावरूनही अशी शर्यत व्हावी, असें त्याच्या मनानें घेतलें. गांवच्या क्रीडाविभागाचा अधिकारी आणि शाळेंतील एक क्रीडाशिक्षक यांना त्यानें हाताशीं धरलें, आणि १५ ऑगस्ट १९७३ रोजीं, भर पावसांत, शंभराच्या आंतबाहेर माणसें वुड्स होलहून फालमथ हाइट्सपर्यंत सुमारें सात मैल धांवलीं. असल्या कल्पना गांवोगांवीं निघतात आणि बहुतेक चहाच्या पेल्याबरोबर संपतात. ही मात्र टिकली. पुढें पुढें तेथें दहा हजारांहून अधिक धांवणारे येऊं लागले.

त्या रस्त्याचें स्वरूप ध्यानांत घेण्यासारखें आहे. आरंभीं चढउतार आणि झाडांची सावली आहे. पुढें समुद्राला लागून सरळ उघडा रस्ता लागतो. चित्रें निघतात तीं याच भागाचीं, आणि माणसें कोसळतात तींही याच भागाच्या पुढें. सावलींत वेग धरलेला असतो, तो उन्हांत सोडवत नाहीं. त्यांत महिना ऑगस्टचा, म्हणजे तिकडील ऐन उन्हाळ्याचा.

१९७८ सालीं आल्बेर्तो सालाझार हा वीस वर्षांचा तरुण तेथें बिल रॉजर्स या नामांकित धांवपटूच्या बरोबरीनें धांवत होता. शेवटच्या टप्प्यांत त्याचे पाय डळमळूं लागले, एकामागून एक माणसें त्याला मागें टाकून गेलीं, आणि शर्यत संपवितांच तो कोसळला. त्याच्या अंगांतील उष्णता १०७ अंश फॅरेनहाइटच्या घरांत गेली होती. त्याला बर्फाच्या पाण्यांत घातलें. आणि इकडे धर्मगुरूनें मरणाऱ्याच्या उशाशीं करावयाचा अखेरचा विधि देखील उरकला. तो तरुण जगला. दोन वर्षांनीं त्यानें न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली, ती पुढें लागोपाठ तीन वर्षें त्याच्याकडेच राहिली. आणि १९८१ सालीं त्याच फालमथच्या रस्त्यावर तो पहिला आला. एका टबभर गार पाण्यानें काय वांचविलें, याचा अंदाज यावरून यावा.

फालमथच्या लोकांनीं ही गोष्ट दैवावर टाकून दिली नाहीं, हें त्यांचें खरें कौतुक. शेवटच्या खांबापाशीं वैद्यकीय तंबू, त्यांत बर्फाच्या पाण्यानें भरलेले टब, आणि शरीराच्या आंतील उष्णता मोजण्याची व्यवस्था त्यांनीं कायमची केली. अठरा वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०१५ सालीं त्या प्रसिद्ध झाल्या. तेवढ्या काळांत उष्माघात झालेले २७४ धांवणारे गार पाण्यांत बुडवून उपचार करण्यासाठीं तेथें आणले गेले, आणि त्या २७४ पैकीं एकही दगावला नाहीं. जी व्याधि एरव्हीं तरण्याताठ्या माणसाचे प्राण घेते, तिच्यापुढें हा आंकडा ठेवून पाहिला म्हणजे वैद्यकाच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षां एखादा टब आणि चार बर्फाच्या लाद्या किती थोर असतात, तें कळतें.

उपचार साधा आहे, पण त्यांतील क्रम उलटा होतां उपयोगी नाहीं. आधीं गार करावें, मग इस्पितळांत न्यावें. आपल्याकडे नेमकें याच्या उलट घडण्याचा संभव असतो. मनुष्य कोसळला कीं चार जण त्याला उचलून जीपमध्यें घालतात आणि तालुक्याच्या गांवाकडे धूम ठोकतात. वाटेंत पाऊण तास जातो, आणि या व्याधींत पहिली तीस मिनिटेंच काय तीं मोलाचीं. तेवढ्या अवधींत उष्णता १०४ अंशांच्या खालीं आणली पाहिजे. मानेपर्यंत गार पाण्यांत बसवून, एकानें मागून काखेंत हात घालून डोकें वर धरलें आणि दुसऱ्यानें पाणी ढवळीत ठेवलें, तर सर्वसाधारण दहापंधरा मिनिटांत ती उतरते. सुमारें १०२ अंशांवर आली कीं बाहेर काढावें, नाहीं तर ती खालीं खालीं जात राहते.

रोगी ओळखण्यांतही चूक होते. उष्माघात म्हणजे कातडी कोरडी पडणें, असें जुन्या पुस्तकांत वाचलेलें असतें. धांवणाऱ्याची कातडी मात्र पुष्कळदां घामानें भिजलेलीच असते. काखेंत उष्णतामापक धरला तर तो भलताच कमी आंकडा दाखवितो. खरी खूण बुद्धीची. मनुष्य वेडेंवांकडें बोलूं लागला, विनाकारण चिडला, आपण कोठें आहों हें त्याला सांगतां येईना, तोल जाऊं लागला, तर वाट पाहत बसूं नये. अशा वेळीं त्याच्या तोंडांत पाणी ओतणें हा तर अविचार होय. शुद्ध धड नसलेल्यास तें श्वासनलिकेंत जावयाचें.

पाण्याचा विषय निघाला म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगावी लागेल. तहान लागो वा न लागो, दिसेल तेथें पाणी पीत सुटावें, असा एक उपदेश मध्यंतरीं फार पसरला होता. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्यें ४८८ धांवणाऱ्यांचें रक्त तपासलें तेव्हां त्यांतील शेंकडा तेरा जणांच्या रक्तांतील मीठ प्रमाणाबाहेर उतरलेलें आढळलें, आणि अति पाणी पिणें हें त्याचें एक मुख्य कारण होतें. तहानेप्रमाणें प्यावें, घोटघोट प्यावें, हें आजीबाईंचें सांगणें शेवटीं प्रयोगशाळेनेंही मान्य केलें. कोंकणांतील गांवास तर दूर जाण्याचें कारणच नाहीं. मीठ घातलेलें कोकमाचें सरबत घरोघर करतां येतें, आणि तें भडक रंगाच्या बाटलींतील परक्या पेयापेक्षां कोणत्याही दृष्टीनें हलकें ठरत नाहीं. एवढें खरें, कीं तें करणाऱ्यांचे हात आणि वापरलेलें पाणी स्वच्छ पाहिजे.

शर्यत केव्हां भरवावी आणि केव्हां भरवूं नये, याचाही निर्णय अंदाजानें करण्याची आवश्यकता नाहीं. शाळेच्या प्रयोगशाळेंत दोन उष्णतामापक शेजारीं शेजारीं टांगलेले असत. एकाच्या गोळ्यावर ओलें फडकें गुंडाळलेलें असे. हवा कोरडी असली कीं ओला मापक पुष्कळ खालीं उतरे, दमट असली कीं दोन्ही जवळजवळ सारखे राहत. ओल्या मापकाचे सात भाग, उन्हांत ठेवलेल्या काळ्या गोलांतील मापकाचे दोन भाग आणि साध्या मापकाचा एक भाग मिळून जी सरासरी निघते, ती अमेरिकेंत लष्करी कवाइतीसाठीं १९५० नंतरच्या काळांत वापरांत आली आणि पुढें क्रीडाक्षेत्रानेंही ती स्वीकारली. हा आंकडा २८ अंश सेल्सियसच्या वर गेला तर लांब पल्ल्याची शर्यत घेऊं नये, असा तिकडील क्रीडावैद्यकांचा सल्ला आहे. कोंकणांत एप्रिल-मे महिन्यांत उन्हें वर येण्यापूर्वींच ही मर्यादा ओलांडली जाऊं शकते. रत्नागिरीकरांनीं जानेवारी निवडली, तींत शहाणपण आहे. मुलांच्या सुट्ट्या आणि पाहुण्यांची सोय पाहून मे महिन्यांत किनाऱ्यावर दौड ठेवण्याचा मोह एखाद्या गांवास झाला, तर त्यानें तो आवरावा. आणि जानेवारींत देखील हवा अवचित बिघडली तर पाहुणे आले आहेत, शामियाना उभा आहे, पुढारी येऊन बसले आहेत, या कारणासाठीं शर्यत सोडूं नये. शर्यत रद्द करण्याचा अधिकार ज्याच्या हातीं द्यावयाचा, तो डॉक्टर असावा, आणि त्याला कोणाकडून देणगी आलेली आहे हें कळूंच नये.

बर्फाविषयीं मात्र आपल्या किनाऱ्याचें भाग्य फालमथहून उणें नाहीं. जेथें मासेमारीचें बंदर आहे तेथें बर्फाचा कारखाना असतोच, आणि मासळी ठेवण्याच्या जाड भिंतींच्या मोठमोठ्या पेट्याही असतात. मनुष्य बसूं शकेल अशी एक पेटी घासूनपुसून घेतली, तिच्यांत पाणी व बर्फ भरला, कीं फालमथचा टब तयार झाला. हा बर्फ अंगाला लावण्यासाठीं आहे, सरबतांत घालण्यासाठीं नव्हे, एवढी काळजी घ्यावी. महाराष्ट्रांत २०१८ पासून न खाण्याचा बर्फ निळा असावा असा नियम झाला आहे, त्यामुळें ही चूक आतां सहसा होऊं नये. ज्या बर्फावर त्या गांवाची मासळी जगते, त्याच बर्फानें पाहुणाही जगूं शकतो, ही गोष्ट शर्यतीच्या पत्रिकेंत छापलेली मात्र दिसत नाहीं. तेथें पदकाचें चित्र असतें.

अंतराच्या मोजणीसंबंधीं थोडक्यांत सांगून टाकणें बरें. मोटारीच्या आंकड्यावरून रस्ता मोजूं नये. ठराविक अंतरावर चाकाचे फेरे मोजून घेतलेल्या सायकलीनें, वळणावर कडेपासून फूटभर अंतर राखून, सर्वांत जवळच्या रेषेनें रस्ता मोजतात, आणि अंतर कमी भरूं नये म्हणून हजार मीटरांमागें एक मीटर जादा धरतात. ज्या गांवांत हायस्कूल आहे तेथील वरच्या वर्गाच्या मुलांना हें काम द्यावें. भूमितीचा असा धडा पुस्तकांत मिळत नाहीं.

आतां पुन्हा साजगांवाकडे. यात्रा भरविणाऱ्या गांवाला जें येतें, तें शर्यत भरविणाऱ्या नवख्या मंडळींना पुष्कळदां येत नाहीं. कोणत्या विहिरीचें पाणी किती माणसांस पुरेल, गर्दी कोठें तुंबते, रस्ता अडला तर बैलगाडी वा मोटार कोणत्या आळींतून काढावी, म्हातारें माणूस चक्कर येऊन पडलें तर सर्वांत जवळची ओसरी कोणाची, हें तेथें कागदावर लिहून ठेवावें लागत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या तें डोक्यांत असतें. शर्यतीचें काम शहरांतील एखाद्या कंपनीकडे सोंपविलें कीं हें ज्ञान निरुपयोगी होतें. गांव मग यजमान राहत नाहीं; तें पडद्यावरचें चित्र होतें. लोक दारांत उभे राहून टाळ्या वाजवितात, धांवणारे पाणी पिऊन कागदी पेले त्यांच्या वाडीपुढें फेकतात, आणि दुपारपर्यंत तंबू उठून जातो. यांत आलेल्यांचा दुष्ट हेतु असतो असें नाहीं. त्यांना तें गांव ठाऊकच नसतें. कोणत्या वळणापलीकडे वाराच लागत नाहीं, कोठल्या उघड्या सड्यावर सकाळीं आठ वाजतांच फत्तर तापतो, हें तेथील गुराख्याला विचारल्यावांचून कळावयाचें नाहीं. आणि पाण्याचीं टेबलें मात्र नकाशावर दर अडीच किलोमीटरांस एक, अशीं मांडून टाकलेलीं असतात. त्यापेक्षां वाऱ्यावांचूनच्या त्या वळणानंतर एक आणि उघड्या सड्याच्या आधीं एक, अशीं तीं मांडलीं तर तेवढ्याच टेबलांचा दुप्पट उपयोग व्हावा.

एका गोष्टींत यात्रा आणि शर्यत यांचें अंतर आहे, आणि तें गांवानें समजून घ्यावें. यात्रेकरू थकला कीं झाडाखालीं बसतो. शर्यतींतला मनुष्य बसत नाहीं. बसण्याची त्याला लाज वाटते. त्यासाठींच तो पैसे भरून आलेला असतो. म्हणून त्याला थांबविण्याचा अधिकार आणि तसें करण्याचें धैर्य गांवच्या स्वयंसेवकांत असावें लागतें. विशीतलें पोर शहरांतील प्रौढ गृहस्थाचा हात धरून, “काका, तुम्ही आतां बसा,” असें म्हणण्यास कचरतें. त्याला तें अगोदर शिकवून, दोनचार वेळां म्हणवून घेतलेलें बरें. काका रागावले तर रागावूं द्यावे. नांव, गांव आणि आजचा वार विचारावा. त्यांनीं नीट उत्तर देऊन पुन्हा शिवी हासडली, तर खुशाल जाऊं द्यावें.

पहिला येणारा कोण, याची काळजी करावयास वर्तमानपत्रें असतात. गांवानें शेवटच्याची काळजी करावी. पहिला मनुष्य तासाभरांत ऊन चढण्यापूर्वीं घरीं पोंचतो; शेवटचा तीन तास त्या हवेंत असतो, त्याचें वय अधिक, तयारी कमी, आणि तो पोंचेपर्यंत टेबलावरचें पाणी संपलेलें, स्वयंसेवक न्याहारीस गेलेले. यास्तव सुटलेल्यांची यादी आणि पोंचलेल्यांची यादी एकाच माणसाकडे असावी, वाटेंत सोडून गेलेल्यांचीं नांवें फोनवरून त्याला कळावीं, आणि शेवटच्या धांवणाऱ्याच्या मागून एक सायकलवाला व एक रिकामी गाडी हळूहळू यावी. दोन्ही याद्यांचा मेळ बसेपर्यंत पेटींतला बर्फ ओतून द्यावयाचा नाहीं. मेळ बसला कीं मग रस्ता मोकळा करावा, आणि लवकर करावा. वळणापलीकडे सकाळची एस्. टी. तोंपर्यंत थांबून राहिलेली असते, आणि तिच्यांत पाट्या घेऊन बसलेल्या कोळणींना बाजार गांठावयाचा असतो.